शस्त्रक्रिया, भूल आणि रक्तातील साखर

मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या रक्तातील साखर वाढते. त्याला मधुमेह नसला, तो आदल्या रात्रीपासून उपाशी असला आणि सलाईनमधून ग्लुकोजचा थेंबही दिलेला नसला, तरी ती वाढते. निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर दर डेसिलिटरला ७० ते १०० मिलिग्रॅम असते. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ती १५०-१८० पर्यंत चढते आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेत २०० च्या पुढे गेली तरी भूलतज्ज्ञाला त्याचे नवल वाटत नाही. ही वाढ कशामुळे होते, तिच्यामुळे काय बिघडते आणि ती किती खाली आणावी, असे तीन प्रश्न यात आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे बरीचशी मिळाली आहेत. तिसऱ्या प्रश्नावर मात्र गेल्या पंचवीस वर्षांत वैद्यकाला आपले मत दोनदा बदलावे लागले, आणि त्या बदलांचा इतिहास मुळातून समजून घेण्यासारखा आहे.

रक्तात साखर असते तरी किती? सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरते जेमतेम चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. मेंदूला मात्र दिवसभरात शंभराहून अधिक ग्रॅम ग्लुकोज लागते. त्यामुळे एकीकडे यकृत रक्तात सतत साखर सोडत असते आणि दुसरीकडे मेंदू, स्नायू, चरबी आणि इतर पेशी ती उचलत असतात. हा तोल सांभाळते ते इन्सुलिन. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे सगळ्या रक्तातल्या साखरेच्या पाच-सहा पट. निरोगी शरीर हे ग्लुकोज सहज पचवते. शस्त्रक्रियेनंतरच्या शरीराला ते तितके सोपे जात नाही.

कातडीवर चीर पडली की तिथल्या चेतातंतूंमधून संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जातात. हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी ग्रंथी जाग्या होतात. मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनॅलिन सोडतात, शिवाय ग्लुकॅगॉन आणि वाढीचे संप्रेरकही रक्तात वाढते. जखमी ऊतींमधून सायटोकाइन नावाची दाह पेटवणारी प्रथिने बाहेर पडतात. या सगळ्यांचा रोख एकच असतो. यकृताने साठवलेले ग्लायकोजेन फोडायचे, स्नायूंतील प्रथिने मोडून त्यांच्यापासून नवे ग्लुकोज तयार करायचे आणि ते रक्तात सोडायचे. त्याच वेळी ॲड्रिनॅलिन स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यापासून रोखते आणि जे इन्सुलिन रक्तात असते त्याला स्नायू दाद देत नाहीत. आवक वाढलेली, उचल घटलेली, साखर चढणारच. जखमी अवस्थेत पळावे किंवा लढावे लागलेल्या प्राण्याला हा साठा जीवदान देणारा असतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजलेल्या, सलाईन आणि औषधे मिळत असलेल्या माणसाला त्याची तशी गरज नसते, पण शरीराला सुरी आणि श्वापदाचा दात यांतला फरक कळत नाही.

हे निरीक्षण जुने आहे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात यकृतातील ग्लायकोजेनचा शोध लावला आणि पुष्कळ रक्तस्राव झालेल्या प्राण्यांच्या रक्तात साखर वाढते हेही नोंदवून ठेवले. त्यानंतरचा मोठा टप्पा ग्लासगोतील डेव्हिड कथबर्टसन यांचा. १९३० च्या सुमारास त्यांनी पायाचे हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतील नायट्रोजन मोजला. तो भरमसाट वाढलेला होता आणि तेवढा नायट्रोजन मोडलेल्या हाडाच्या आसपासच्या मांसातून येणे शक्य नव्हते. याचा अर्थ, इजा एका पायाला झाली तरी झीज सबंध शरीरातील स्नायूंची होत होती. पुढे १९४२ मध्ये कथबर्टसन यांनी या प्रतिसादाचे दोन टप्पे मांडले: इजेनंतर लगेच येणारी ओहोटी, ज्यात शरीर गारठते आणि चयापचय मंदावतो, आणि नंतर कित्येक दिवस चालणारी भरती, ज्यात चयापचय जोरात चालतो आणि स्नायू झिजतात. मोठ्या ऑपरेशननंतर हातपाय काडीसारखे का होतात आणि जिना चढताना दम का लागतो, याचे उत्तर या भरतीत आहे. साखरेची वाढ हा त्याच प्रक्रियेचा सहज मोजता येणारा भाग.

स्टॉकहोममध्ये ओले ल्युंगक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ही मोजणी आणखी बारकाईने केली. पोट उघडून पित्ताशय काढलेल्या, मधुमेह नसलेल्या रुग्णांची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता दुसऱ्या दिवशी निम्म्यावर आलेली दिसली आणि ती पूर्ववत व्हायला सुमारे तीन आठवडे लागले. टाके निघाले, माणूस घरी गेला, तरी त्याचे शरीर काही काळ मधुमेह्यासारखे वागत होते. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत हाच परिणाम बराच सौम्य असतो. शस्त्रक्रिया जितकी मोठी आणि जखम जितकी रुंद, तितका इन्सुलिनला विरोध अधिक.

यात भुलेचा वाटा काय, हा प्रश्न भूलशास्त्राइतकाच जुना आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. ईथर स्वतःच साखर वाढवतो, कारण तो शरीरातील सिंपथेटिक चेतासंस्था चेतवतो. आजच्या औषधांचा प्रभाव तेवढा ढोबळ नाही. आयसोफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेन हे श्वासावाटे दिले जाणारे वायू स्वादुपिंडातील बीटा पेशींकडून होणारा इन्सुलिनचा स्राव काही प्रमाणात दडपतात. शिरेतून देण्याच्या प्रोपोफॉलचा असा परिणाम कमी असतो. फेंटॅनिलसारखी अफूवर्गीय औषधे फार मोठ्या मात्रेत दिली तर शस्त्रक्रिया चालू असेपर्यंत ताणाचा प्रतिसाद दबतो, पण मग रुग्णाला कित्येक तास कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते.

सर्वांत लक्षणीय परिणाम दिसतो तो पाठीतून दिलेल्या भुलेचा. कमरेच्या मणक्यांमधून एपिड्युरल किंवा स्पायनल भूल दिली की जखमेकडून मेंदूकडे जाणारा संदेश वाटेतच अडतो आणि ॲड्रिनल ग्रंथींकडे येणारा हुकूमही बराचसा थांबतो. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी १९७० च्या दशकापासून या विषयावर काम केले. गर्भाशय काढण्यासारख्या ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेत एपिड्युरल नीट लागली तर साखरेची वाढ जवळजवळ होतच नाही, असे दिसून आले. पोटाचा वरचा भाग किंवा छाती उघडावी लागली तर मात्र हा परिणाम अपुरा पडतो, कारण तिथले सगळेच चेतामार्ग असे अडवता येत नाहीत. यावरून सरसकट ‘पाठीतली भूल चांगली, पूर्ण भूल वाईट’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. साखरेचा आकडा सुधारला म्हणजे रुग्ण लवकर बरा झाला, असे दर वेळी सिद्ध झालेले नाही. भूल कोणती द्यायची हे शस्त्रक्रिया, हृदय, फुप्फुसे आणि रक्त पातळ करणारी औषधे पाहून ठरते. साखर हा त्यातला एक मुद्दा.

वाढलेल्या साखरेने नुकसान कसे होते? जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी साखर २०० च्या वर गेली की सुस्तावतात. जंतूंपर्यंत पोचणे, त्यांना गिळणे आणि मारणे ही तिन्ही कामे मंदावतात. प्रतिपिंडांना साखर चिकटून त्यांची कार्यक्षमता घटते. जखम भरून आणणारे कोलॅजन नीट विणले जात नाही. साखर मूत्रपिंडाच्या मर्यादेपलीकडे, साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीतून जाते आणि सोबत पाणी व क्षार ओढून नेते, म्हणून रुग्णाच्या शरीरातले पाणी कमी होते. या सगळ्याचा रुग्णाला दिसणारा अर्थ म्हणजे टाक्यांतून पू येणे, जखम चिघळणे, पुन्हा टेबलावर जावे लागणे आणि दवाखान्यातला मुक्काम लांबणे.

इन्सुलिन आल्यापासून, म्हणजे १९२२ पासून, मधुमेह्यांची शस्त्रक्रिया शक्य तर झाली, पण ती सांभाळायची रीत ठरायला बराच काळ गेला. १९७९ मध्ये ब्रिटनमधील अल्बर्टी आणि थॉमस यांनी ग्लुकोज, इन्सुलिन आणि पोटॅशियम एकाच बाटलीत मिसळून थेंबाथेंबाने देण्याची पद्धत मांडली. बाटली अडली तर तिन्ही गोष्टी एकदम थांबत, त्यामुळे एकटे इन्सुलिन जाऊन अपघात होण्याची भीती उरत नसे. साधी आणि सुरक्षित असल्याने ही पद्धत जगभर गेली. तरीही साखर किती असावी याबद्दल धोरण सैलच होते. ती २०० च्या वर असली तरी चालते, ती फार खाली जाऊ नये एवढे पाहायचे, असा प्रघात पडला होता. भुलेखालच्या माणसाची साखर घसरली तर ते ओळखणार कसे? घाम, थरथर, बडबड, गोंधळ ही सगळी लक्षणे भुलेत झाकली जातात. मेंदूला इजा झाल्याचे रुग्ण जागाच झाला नाही म्हणजे कळणार. ही भीती अगदी खरी होती.

या सैल धोरणाला पहिला मोठा धक्का अमेरिकेतील पोर्टलंड शहरातून बसला. तिथल्या हृदयशल्यविशारद अँथनी फर्नरी यांच्या गटाने १९९९ मध्ये २,४६७ मधुमेही रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पूर्वी त्वचेखाली ठरावीक वेळाने इन्सुलिन टोचले जात असे. नंतर ते शिरेतून सतत द्यायला सुरुवात झाली. छातीच्या हाडापर्यंत पोचणाऱ्या खोल संसर्गाचे प्रमाण २ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आले. तुलना जुन्या आणि नव्या काळातील रुग्णांची होती, चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या गटांची नव्हती. त्यामुळे शंकेला जागा होती, पण छातीत पू झालेला रुग्ण ज्यांनी सांभाळला आहे त्यांना हा फरक किती मोलाचा वाटला असेल याची कल्पना करता येते.

दोन वर्षांनी बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठातून ग्रीट फान डेन बेर्घे यांचा अभ्यास आला आणि सगळे चित्र पालटले. शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासावर असलेले १,५४८ रुग्ण त्यांनी चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. साठ टक्क्यांहून अधिक रुग्ण हृदयशस्त्रक्रियेचे होते आणि मधुमेह आधीपासून माहीत असलेले फक्त १३ टक्के. एका गटाला साखर २१५ च्या वर गेल्यावरच इन्सुलिन मिळे. दुसऱ्या गटाची साखर काटेकोरपणे ८० ते ११० मध्ये, म्हणजे निरोगी उपाशी माणसाइतकी ठेवली गेली. अतिदक्षता विभागातील मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. रक्तातील जंतुसंसर्ग ४६ टक्क्यांनी घटला, डायलिसिस लागण्याइतके मूत्रपिंड निकामी होणे ४१ टक्क्यांनी घटले. अतिदक्षता विभागात एवढा फायदा देणारी गोष्ट क्वचितच हाती लागते, आणि ही तर इन्सुलिनसारखी स्वस्त, जुनी, ओळखीची. अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला, कारण फायदा इतका स्पष्ट दिसत असताना निम्म्या रुग्णांना त्यापासून दूर ठेवणे योग्य वाटेना.

जगभरच्या दवाखान्यांनी ८० ते ११० हे उद्दिष्ट उचलले आणि मार्गदर्शक सूचनांमध्ये ते शिरले. मग त्याच ल्यूव्हेनमध्ये २००६ साली शस्त्रक्रिया न झालेल्या, औषधोपचारावरच्या १,२०० गंभीर रुग्णांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा एकूण मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. २००७ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी प्रश्न थेट शस्त्रक्रियागृहात नेला. हृदयशस्त्रक्रियेच्या ४०० रुग्णांपैकी निम्म्यांची साखर ऑपरेशन चालू असतानाच ८० ते १०० मध्ये ठेवली गेली. फायदा काही दिसला नाही. उलट काटेकोर गटात पक्षाघाताचे ८ रुग्ण निघाले आणि दुसऱ्या गटात १. मृत्यू काटेकोर गटात ४ झाले आणि दुसऱ्या गटात एकही नाही. आकडे लहान होते, पण बोचणारे होते. २००८ मध्ये जर्मनीतील एका अभ्यासात काटेकोर गटातील १७ टक्के रुग्णांची साखर ४० किंवा त्याखाली घसरली आणि प्रयोगाचा तो भाग थांबवावा लागला.

निर्णायक उत्तर २००९ मध्ये आले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा आणि अमेरिकेतील रुग्णालयांनी मिळून केलेल्या ‘नाइस-शुगर’ अभ्यासात ६,१०४ रुग्ण होते. एका गटाचे उद्दिष्ट ८१ ते १०८, दुसऱ्याचे १८० किंवा त्याहून कमी. नव्वद दिवसांत काटेकोर गटातील २७.५ टक्के रुग्ण दगावले, सैल गटातील २४.९ टक्के. साखर ४० पर्यंत घसरण्याचे प्रमाण काटेकोर गटात ६.८ टक्के आणि सैल गटात अवघे ०.५ टक्के. ज्या उपायाने हजारोंचे प्राण वाचतील असे वाटत होते, त्यानेच दर शंभर रुग्णांमागे दोन-तीन अधिक दगावले. मोठ्या, अनेक देशांत पसरलेल्या चाचण्यांवर एवढा पैसा आणि वेळ का घालवायचा, असा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी याहून चांगले उत्तर नाही. एका उत्तम रुग्णालयातील एका उत्तम अभ्यासावर सगळे जग विसंबून राहिले असते, तर हा तोटा कुणाच्या लक्षातही आला नसता.

ल्यूव्हेनचा पहिला अभ्यास खोटा होता असे नाही. त्या रुग्णालयात रुग्णांना पहिल्याच दिवसापासून शिरेतून २०० ते ३०० ग्रॅम ग्लुकोज दिले जाई आणि पुढेही शिरेतूनच पोषण चालू राही. तुलनेच्या गटाची साखर त्यामुळे बरीच चढत होती आणि ती उतरवण्याचा फायदा उठून दिसत होता. नाइस-शुगरमधल्या रुग्णांना बहुतेक पोषण नळीने पोटात मिळत होते आणि तिथला सैल गटही तसा सैल नव्हता. त्याची साखर सरासरी दीडशेच्या आतबाहेरच होती. शिवाय ल्यूव्हेनमध्ये साखर धमनीतील रक्तावर, अचूक यंत्राने मोजली जाई. इतर अनेक ठिकाणी बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर काम भागवले गेले. रक्तदाब पडलेला, अंगावर सूज असलेला, हिमोग्लोबिन खूप कमी झालेला रुग्ण असेल तर बोटाच्या थेंबावरचा आकडा फसवा निघतो आणि त्या आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरली की चूक दुप्पट होते.

निकालांतला फरक केवळ पोषण आणि मोजणीमुळे पडला का, ही शंका फान डेन बेर्घे यांच्याच गटाने २०२३ मध्ये मिटवली, आणि याचे श्रेय त्यांना मोकळेपणाने द्यायला हवे. ९,२३० गंभीर रुग्णांना या वेळी सुरुवातीचे शिरेतील पोषण मुद्दाम दिले नाही आणि इन्सुलिनची मात्रा संगणकाच्या मदतीने ठरवली. साखर फार न घसरताही काटेकोर नियंत्रण साधले, पण अतिदक्षता विभागातील मुक्काम किंवा मृत्यू यांत फरक पडला नाही.

या सगळ्यातून जे उद्दिष्ट शिल्लक राहिले ते मधल्या पट्ट्याचे आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन शस्त्रक्रियेच्या आसपासच्या तासांसाठी १०० ते १८० हा पट्टा सांगते. शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्ग टाळण्यासाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१७ मध्ये साखर २०० च्या आत ठेवावी असे सुचवले, आणि ते मधुमेह असलेल्या व नसलेल्या दोघांनाही लागू केले.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियागृहात हे कसे साधले जाते ते पाहण्यासारखे आहे. लहान शस्त्रक्रियेत दर एक-दोन तासांनी साखर तपासून गरजेपुरते इन्सुलिन दिले तरी भागते. मोठ्या शस्त्रक्रियेत पन्नास मिलिलिटर सलाईनमध्ये पन्नास युनिट साधे इन्सुलिन मिसळून मोठी सिरिंज भरतात, म्हणजे एका मिलिलिटरला एक युनिट, हिशेब सोपा. ही सिरिंज पंपात बसवली जाते. इन्सुलिन प्लास्टिकच्या नळीच्या आतल्या बाजूला चिकटते, म्हणून पंप रुग्णाला जोडण्याआधी वीसेक मिलिलिटर नळीतून वाहू देऊन टाकून देतात. हे केले नाही तर सुरुवातीला रुग्णाला इन्सुलिन पोचतच नाही, साखर उतरत नाही म्हणून मात्रा वाढवली जाते आणि नळी तृप्त झाली की साखर एकदम कोसळते. इन्सुलिन रक्तातील पोटॅशियमही पेशींमध्ये ढकलते, त्यामुळे दर तासाला साखरेबरोबर पोटॅशियमवरही लक्ष ठेवावे लागते. पोटॅशियम फार उतरले तर हृदयाचे ठोके बिघडतात. वॉर्डात परत आल्यावरही एक जुनी सवय मोडावी लागते. साखर चढली की तेवढ्यापुरते इन्सुलिन टोचायचे, ही ‘स्लाइडिंग स्केल’ पद्धत नेहमी साखरेच्या मागून धावते. २०११ मध्ये गिलेर्मो उम्पिएरेझ यांच्या गटाने २११ शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये तिची तुलना दिवसभराचे पायाभूत इन्सुलिन आणि जेवणाआधीचे इन्सुलिन अशा जोडीशी केली. गुंतागुंतीचे प्रमाण २४.३ टक्क्यांवरून ८.६ टक्क्यांवर आले.

मधुमेह माहीत नसलेल्या रुग्णाची साखर शस्त्रक्रियेत चढली तर धोका अधिक असतो, ही या संशोधनातली सर्वांत अनपेक्षित गोष्ट. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मोठ्या आतड्याच्या आणि लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया झालेल्या ११,६३३ रुग्णांची माहिती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे २९ टक्के रुग्णांची साखर १८० च्या वर गेली होती. त्यांच्यात संसर्गाची शक्यता दुप्पट आणि मृत्यूची शक्यता अडीच पटींहून अधिक होती. ज्यांची साखर चढली पण शस्त्रक्रियेच्या दिवशी इन्सुलिन मिळाले, त्यांच्यात हा जास्तीचा धोका ठळक राहिला नाही. इतर अभ्यासांतही तेवढ्याच साखरेने मधुमेह्यापेक्षा मधुमेह नसलेल्याचे अधिक नुकसान झालेले दिसते. मधुमेही रुग्णाचे शरीर चढ्या साखरेला सरावलेले असते, हे एक संभाव्य कारण. दुसरे कारण अधिक व्यवहारातले आहे: मधुमेही म्हणून ज्याच्या केसपेपरवर नोंद असते त्याची साखर तपासली जाते, बाकीच्यांची तपासलीच जात नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत भूलतज्ज्ञ मधुमेही रुग्णाला काही वेळा नमस्कार करायला सांगतात. वर्षानुवर्षे साखर चढी राहिली की सांध्यांभोवतीच्या ऊती ताठर होतात आणि दोन्ही तळवे पूर्ण जुळत नाहीत, बोटांमध्ये फट राहते. हाताचे सांधे असे असतील तर मानेचे आणि जबड्याचेही तसेच असण्याचा संभव, म्हणजे घशातून श्वासनळीत नळी घालणे अवघड जाणार. ही एक साधी खूण आधीच सावध करते. रक्तातील तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणीही याच वेळी होते. ती ८ टक्क्यांच्या खाली असावी अशी शिफारस आहे. ८ टक्के म्हणजे साधारण १८३ ची सरासरी. ती फार चढी असेल आणि शस्त्रक्रिया गुडघा बदलण्यासारखी, थांबू शकणारी असेल, तर काही आठवडे थांबणे शहाणपणाचे. कर्करोग किंवा फुटलेले अपेंडिक्स आकड्यासाठी थांबत नाही.

गोळ्यांच्या बाबतीत अलीकडे नवी काळजी निर्माण झाली आहे. मेटफॉर्मिन शस्त्रक्रियेच्या दिवशी थांबवतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या मात्र किमान तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. त्या साखर लघवीतून बाहेर टाकतात, आणि उपास व शस्त्रक्रियेचा ताण यांत रुग्णाच्या रक्तात कीटोन आम्ले साठू शकतात. घातक भाग असा की साखर जवळजवळ नेहमीसारखी दिसत असतानाही रक्त आम्लधर्मी होत असते, त्यामुळे ग्लुकोमीटर पाहणाऱ्याला संशयही येत नाही. या गोळ्या आता हृदयविकार आणि मूत्रपिंडाच्या विकारासाठीही दिल्या जातात. ‘शुगरची गोळी घेता का?’ या प्रश्नाला रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो आणि गोळी तशीच चालू राहते. सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने जठर उशिरा रिकामे करतात. उपाशी असूनही पोटात अन्न उरते आणि भूल देताना ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. म्हणून वजन कमी करण्यासाठी घेतलेले इंजेक्शनही भूलतज्ज्ञाला सांगितलेच पाहिजे.

उपासाबद्दलचा जुना नियमही बदलला आहे. आदल्या रात्री बारापासून पाण्याचा घोटही नाही, ही शिस्त आता कालबाह्य आहे. घन आहारानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास पुरतात. ल्युंगक्विस्ट यांच्या गटाने तर शस्त्रक्रियेच्या दोन तास आधी पिष्टमय पदार्थ विरघळवलेले ४०० मिलिलिटर पेय देण्याचा प्रयोग केला, जेणेकरून शरीर उपासाच्या अवस्थेत शस्त्रक्रियेला सामोरे जाऊ नये. इन्सुलिनला होणारा विरोध त्याने कमी होतो. २०१४ मध्ये २७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा मात्र रुग्णालयातील मुक्काम सरासरी केवळ एक-तृतीयांश दिवसाने घटलेला दिसला आणि गुंतागुंतीत फरक आढळला नाही. हे पेय रुग्णाला बरे वाटायला मदत करते, याहून मोठा दावा त्याच्यासाठी करू नये. उलट्या टाळण्यासाठी भुलेत दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनने साखर चढते आणि संसर्ग वाढेल अशीही भीती होती. २०२१ मध्ये ८,७२५ रुग्णांवरील ‘पॅडी’ चाचणीने ती दूर केली: जखमेच्या संसर्गाचे प्रमाण औषध मिळालेल्यांत ८.१ टक्के आणि न मिळालेल्यांत ९.१ टक्के होते.

भारतात या सगळ्याला वेगळेच वजन आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांमागे एकाहून जास्त. यांतल्या अनेकांना आपला आजार प्रथम कळतो तो हर्नियाच्या किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत. ठरवून करायच्या कोणत्याही शस्त्रक्रियेआधी साखर आणि एचबीए१सी तपासून घ्यावी, मधुमेह नाही अशी खात्री असली तरीही. भूलतज्ज्ञाकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि इंजेक्शनची खोकी एका पिशवीत घालून सोबत न्यावीत, आणि कोणते औषध कधी थांबवायचे व कधी सुरू करायचे ते कागदावर लिहून मागावे.